घडी विभागाचा सुपरवायझर

३ मार्च, संध्याकाळी ७
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पत्र दिलं. आजपासून मी सुपरवायझर, घडी विभाग. चौदा वर्षं या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरींच्या घड्या घातल्या, त्याचं चीज झालं. पगार तोच. ओव्हरटाइम बंद, कारण सुपरवायझरला तो नसतो. ही म्हणाली, म्हणजे हातात कमीच येणार. हिला हुद्दा कळत नाही.
इस्त्रीच्या रोलरवरच्या दादाला पत्र मिळालेलं नाही. मुद्दाम चौकशी केली. आज झोप छान लागेल.

४ मार्च
संकल्प: चादरीला हात लावायचा नाही. सुपरवायझरने हात मागे बांधून फिरायचं असतं. साडेनऊपर्यंत फिरलो. मग तीन नंबरच्या टेबलावर माणूस कमी पडलं. एकशे ऐंशी चादरी. हे तात्पुरतं आहे.

५ मार्च
दोन नंबरच्या टेबलावरच्या मावशींना म्हटलं, आज उशांच्या खोळी घ्या. म्हणाल्या, दादाने टॉवेल सांगितलेत. मी म्हटलं, दादा कोण? तर म्हणाल्या, अहो, तो काय, रोलरवर उभा आहे. खोच कळलीच नाही त्यांना.
टॉवेलच आधी जायला हवे होते, तो भाग वेगळा.

१९ मार्च
दादा माझ्याहून चार वर्षांनी लहान. सगळे त्याला दादा म्हणतात. मला 'अहो' म्हणतात. 'अहो'मध्ये आदर जास्त आहे.
तरी.

२ एप्रिल
मावशींना बहिणीच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस रजा हवी होती. मी जागच्या जागी मंजूर केली. माझी पहिली रजा! सही चांगली लांबलचक केली. साहेबांनी अर्ज परत पाठवला, ही सही कोणाची म्हणून.
मग दादा केबिनमध्ये गेला. अर्ध्या मिनिटात बाहेर. रजा मंजूर, बदली माणूसही ठरलेलं. आत असं काय बोललास, म्हणून चहाच्या वेळी त्याला सहज विचारलं. म्हणाला, काही नाही भाऊ, मावशींची नड आहे एवढंच सांगितलं.
काही नाही भाऊ! किती मुरलेला माणूस आहे.

२१ एप्रिल
मी डबा विसरलो म्हणून ही विभागाच्या दारापर्यंत आली होती. तेवढ्यात रोलरमध्ये चादर अडकली. दादाने मशीन बंद केलं, दोघांना इकडे, एकीला तिकडे पाठवलं, पाच मिनिटांत काम सुरू. आरडाओरडा नाही. मी त्या वेळी एका टेबलाखाली पडलेला टॉवेल काढत होतो.
घरी आल्यावर ही म्हणाली, तो उंच माणूस तुमचा साहेब का हो?
मी म्हटलं, भाजीत मीठ जास्त आहे.

१४ जून
आमची पाळी बंद. नऊ जणांना उद्यापासून येऊ नका म्हणून पत्रं. ना आधी सूचना, ना भरपाई. मला आणि दादालाही. यादीत माझं नाव पहिलं आहे. हुद्द्याप्रमाणे लावली असणार.
मुलीच्या कॉलेजचं पहिलंच वर्ष आहे. ही रात्री भांडी फार वेळ घासत होती.

२ जुलै
नऊ जणांनी मिळून लेबर कोर्टात तक्रार केली. कागद दादानेच जमवले. आमच्या वकीलबाई फाइल चाळत म्हणाल्या, आठ जणांचं ठीक आहे, अडचण तुमची आहे. कामावरून काढण्याबद्दलचा हा कायदा फक्त कामगारासाठी. तुम्ही सुपरवायझर, म्हणजे त्याच्या बाहेर. कंपनी तुमचं पत्र दाखवून मोकळी होईल.
इतक्या माणसांत एकट्याची अडचण माझी. नाही म्हटलं तरी जरा बरं वाटलं.
मग त्यांनी समजावलं, पत्रावर काय लिहिलंय ते कायदा बघत नाही, हातात काय होतं ते बघतो. रजा कोण द्यायचं, काम कोण वाटायचं, कोणाचा शब्द चालायचा. तुमचा चालत नव्हता, एवढंच सिद्ध करायचंय.
म्हटलं, चालायचा की!
त्यांनी पेन खाली ठेवलं. ही शेजारीच होती. तिने माझ्याऐवजी उत्तर दिलं, नाही चालायचा.

९ सप्टेंबर
सुनावणी. न्यायाधीशांनी मला विचारलं, तुमच्या हाताखाली किती माणसं? दादा समोरच्या बाकावर होता. मी म्हणालो, तशी अकरा. वकीलबाई खोकल्या. मी म्हणालो, म्हणजे जवळपास असायची.
मग दादाची साक्ष. टेबलं कोण वाटायचं? म्हणाला, मी. रजा? मला विचारायचे, साहेब माझ्या शब्दावर सही करायचे. नवीन माणूस? दोन दिवस बघून ठेवायचं की नाही ते मी सांगायचो. आणि हे गृहस्थ? दादा म्हणाला, हे घड्या घालायचे, साहेब. फार चांगल्या घालायचे. यांचं कोणी ऐकत नव्हतं.
भर कोर्टात! कंपनीचा वकील हसत हसत भराभर लिहून घेत होता. आमच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मला तर संतापाने घाम फुटला. किती ही बढाई! संधी मिळाली की मोठेपणा मिरवायचा, अगदी शपथेवरसुद्धा.
जिन्यात भेटला. म्हणाला, तुमचं होईल भाऊ, काळजी करू नका. मी तसाच पायऱ्या उतरून गेलो.

२७ नोव्हेंबर
निकाल लागला. आठ जणांना कामावर परत घ्यायचं, मधल्या पगारासकट. आठांत मी आहे. दादा नाही.
वकीलबाई म्हणाल्या, त्याला मी आदल्या दिवशी बजावलं होतं, असं बोललास तर तूच सुपरवायझर ठरशील आणि बाहेर फेकला जाशील. तो म्हणाला, खरं आहे ते सांगतो, नाहीतर भाऊ अडकतील, त्यांची पोरगी शिकतेय.
ही रडली. आधी मला वाटलं, आनंदाने.
दादाकडे जायला निघालो होतो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो.
निकालपत्र वाचत बसलोय. माझ्याबद्दल पान तीनवर: 'पदनाम काहीही असले तरी अर्जदाराच्या हाताखाली कोणीही नव्हते.' पान पाचवर दादाबद्दल: 'विभागात त्यांचा शब्द अंतिम असे.' खाली कोर्टाचा शिक्का.
नोकरी त्याची गेली. माझी राहिली. आणि पान पाच मी आतापर्यंत सहा वेळा वाचलंय, आणि जळतोय.