पाळण्यातला वरवंटा

आये,

काल फोनवर मी म्हटलं, सगळं ठीक आहे. तेवढ्यावर तू देवापुढे साखर ठेवली असशील. आता खरं लिहितेय, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

वादळामुळे बोट बंद आहे आणि हेलिकॉप्टरही उतरत नाही. सकाळी कळा सुरू झाल्या. लालबागला असते तर तू अख्खी चाळ घेऊन दवाखान्यात पोचली असतीस. इथे बेटावर एकच नर्सबाई आहे, तिला माझी भाषा येत नाही. ती पोटाला यंत्र लावते, ऐकते, पुन्हा लावते आणि माझ्याकडे न बघता हसते.

दीपगृहाच्या ड्युटीवर जाण्याआधी हितेंद्रने पाळणा टांगला. वारा तो सारखा हलवतोय. रिकामा पाळणा हलू देऊ नये, हे तूच शिकवलंस ना? म्हणून बारशासाठी तू बांधून दिलेला वरवंटा मी आत्ताच त्यात ठेवला. बारशालाही बाळाच्या आधी तोच ठेवतात, म्हटलं चालेल.

आता पाळणा रिकामा नाही गो. वरवंटा मजेत झोके घेतोय. पोटात मात्र रात्रीपासून काहीच हललेलं नाही.

तुझीच,
दर्शी