कडू कंदाची कृती

नाशिक,
१४ नोव्हेंबर १९९७

ती. दादास मोहिनीचा सा. न. वि. वि.

तुझं खुशालीचं पत्र मिळालं. पेठच्या शाळेत थंडी जास्त आणि वर्ग कमी, हे वाचून किशोर हसले. त्याखेरीज इकडे हसण्यासारखं काही नाही.

रविवारच्या माझ्या सदरात मी कडू कंदाच्या भाजीची कृती दिली होती. तुझ्याबरोबर पाड्यावर जाऊन भिमाबाईंकडून शिकले होते, तीच. पंचवटीतल्या सायली नावाच्या नव्या सुनेने बुधवारच्या बाजारातून कंद आणले, कात्रण समोर ठेवून भाजी केली आणि पहिलं ताट सासूला, सुलाबाईंना वाढलं. त्यांचं वय सत्तर. तासाभरात घशाला आग, उलट्या, भोवळ. दवाखान्यात आहेत, अजून धड शुद्धीवर नाहीत. कंदाचे काप रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय विष उतरत नाही, आणि नेमकी तीच ओळ छापलेली नाही. छापखान्यात गळली असावी.

त्यांच्या मुलाने पोलिसांत अर्ज दिलाय. संपादक म्हणाले, कृती भिमाबाईंनी सांगितली तशी दिली होती एवढं येत्या रविवारी छापू, म्हणजे प्रकरण निवेल. मी नको म्हणाले नाही. पुढच्या महिन्यात कादंबरी येतेय, सहा वर्षं लिहिलेली. भिमाबाईंना तू एवढ्यात काही कळू देऊ नकोस.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मोहिनी

पेठ,
२० नोव्हेंबर १९९७

चि. सौ. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

भिमाबाईला कळू देऊ नकोस असं लिहिलंस, पण तिला माझ्याआधी कळलं. सोमवारी जीपमधून दोन पोलीस पाड्यावर आले. तुमच्या पेपरचं पान त्यांच्या हातात होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं, की तिने सांगितलेल्या कृतीने एक म्हातारी मरणाच्या दारात आहे. काल पाड्यावरच्या चौघीजणी नाशिकच्या बाजारातून भरलेल्या पाट्या तशाच घेऊन परतल्या. कंदाला कुणी हात लावला नाही. आता त्या भिमाबाईशी बोलत नाहीत.

मी गेलो तेव्हा ती चूल सारवत होती. वर न बघता म्हणाली, "मी तिला व्हळावर नेलती. टोपली पाण्यात ठेवाया लावली. तिच्याच हातानं."

मला ते आठवतं. तू पदर खोचून ओढ्यात उभी होतीस आणि पाय गारठले म्हणून मला हाका मारत होतीस. म्हणून एकच विचारतो. तू लिहून दिलेल्या कागदावर ती ओळ होती का?

रागावलो आहे, तरी तुझाच आहे.

रंगनाथ

नाशिक,
२४ नोव्हेंबर १९९७

ती. दादास सा. न.

नव्हती.

सदराला जागा मोजकी असते. ओढ्याचं वर्णन मला फार साधलं होतं. मजकूर वाढला तेव्हा कृतीतली ती ओळ मीच खोडली. वर ओढा आलाच आहे, कुणालाही समजेल, असं वाटलं. पहिल्याच दिवशी मी कागद काढून पाहिला होता. तरी तुला खोटं लिहिलं.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी दवाखान्यात गेले. सायली जिन्याखाली एकटी बसली होती. सासूच्या खोलीत तिला जाऊ देत नव्हते. सासूला मारायलाच भाजी केली, असं नणंदा तोंडावर म्हणत होत्या. कायमची माहेरी धाडायचं चाललं होतं. तिने माझं कात्रण सगळ्यांना दाखवलं होतं, पण कुणी ऐकून घेतलं नाही. मी तिला घेऊन वर गेले आणि तिच्या नवऱ्याला, अमितला, सांगितलं, "मी लिहिलं तसंच हिने केलं. चूक माझी आहे." तो मला खूप बोलला. मी ऐकून घेतलं. सुलाबाई आता शुद्धीवर आहेत. आवाज ऐकून त्यांनी डोळे न उघडताच सुनेचा हात मागितला.

संपादक हे छापायला तयार नव्हते. मग मीच दुसऱ्या पेपरकडे जाते म्हणाले, तेव्हा काल छापलं, माझ्या नावाने. भिमाबाईंनी सगळं नीट शिकवलं होतं हेही लिहिलंय. सदर बंद झालं. प्रकाशकांनी कादंबरी पुढे ढकलली, कधीपर्यंत ते सांगत नाहीत. पोलीस माझा जबाब घेऊन गेले. किशोर दोन दिवस बाहेरच जेवले, आज त्यांनी चहा करून दिला.

हे सगळं भिमाबाईंना वाचून दाखव. लोभ मागायचं आज धाडस नाही.

मोहिनी

पेठ,
२८ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. मोहिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पेपर पाड्यावर नेला, बायकांना गोळा करून मोठ्याने वाचला. भिमाबाईने आधी म्हातारी जेवते का ते विचारलं. मला माहीत नव्हतं. शुद्धीवर आहे म्हणालो. मग तुझ्यावर आली. म्हणाली, "कागदावर लिवलं, कागदावर पुसलं. आमचं गिऱ्हाईक बाजारात हाय. बुधवारी तिला माझ्या बाजूला बसू दे. कंद कसा करायचा, तिनंच सांगावं."

तुझ्या वतीने मी हो म्हटलेलं नाही. लेखिकाबाईंना भर बाजारात गोणपाटावर बसावं लागेल, ओळखीचे लोक थांबून बघतील. तुझं तू ठरव. भिमाबाई पहिल्या एसटीने निघणार आहे.

जाशील किंवा नाही, माझा आशीर्वाद आहेच.

रंगनाथ

नाशिक,
३ डिसेंबर १९९७

ती. दादास सा. न. वि. वि.

गेले. घरातून पाय निघत नव्हता, पोचायला नऊ वाजले. भिमाबाईंनी गोणपाट माझ्याकडे सरकवला.

येईल त्याला सांगत राहिले: पातळ काप, राखेच्या पाण्यात उकडणं, रात्रभर वाहतं पाणी. घरच्या नळाखाली चालेल का, असं कुणी विचारलं की भिमाबाई सरळ म्हणायच्या, मग नका घेऊ. एक ओळखीच्या बाई माझ्याकडे बोट दाखवून मैत्रिणीला म्हणाल्या, विष खायला घालणारी ती हीच. मी त्यांनाही कृती सांगितली. त्या पुढे गेल्या. दुपारपर्यंत माझा घसा बसला आणि पाटी निम्मी संपली.

सुलाबाई घरी आल्यात, मऊ भात खातात, हे मी भिमाबाईंना सांगितलं. त्यांनी गोणपाट झटकला, पाटी डोक्यावर घेतली आणि निघताना म्हणाल्या, "पुढल्या बुधवारी लवकर ये. सकाळची गिऱ्हाइकं गेली आज."

तू बरा राहा, आणि असंच खडसावून लिहीत जा.

तुझी,
मोहिनी