रजिस्टरमधला गाडीचा रकाना

सर, सोमवारी मला एका कागदावर सही करायची आहे, आणि आज शुक्रवारीच माझे हात गार पडलेत. तुम्ही असता तर म्हणाला असता, हात गार पडले, बरं, अजून काय? तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, कारण तुमच्याशी बोलायची सवय सुटलीच नव्हती. पेशंट उठून गेला की मी रिकाम्या खुर्चीकडे बघून मनातल्या मनात तुम्हाला सगळं सांगायची. गेल्या आठवड्यापासून तेही बंद झालंय. तुमची भीती वाटायला लागली आहे.

आधी कागदाचं सांगते. मनोविश्लेषण आणि त्यातून निघालेल्या उपचारपद्धती आपल्याकडे शिकवायच्या कशा, याचे निकष ठरवायला एक समिती बसली आहे. पुण्या-मुंबईकडची चार मोठी माणसं, आणि लहान गावांतर्फे मी, परभणीची. शिकणाऱ्यानं पेशंट घेण्याआधी स्वतः किती दिवस कुणासमोर बसून बोलायचं, किती तास वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करायचं, आणि मुळात वरिष्ठ म्हणायचं कुणाला, हे सगळं आम्ही लिहितोय. गरजेचंच आहे. चार दिवसांचा वर्ग करून लोक पाट्या लावायला लागलेत. तेव्हा एका बैठकीत मीच तावातावानं म्हणाले की ज्याला वरिष्ठ म्हणून मान्यता हवी त्यानं आधी स्वतःच्या शिक्षणाचं रजिस्टर दाखवावं, आणि ते पूर्ण व खरं आहे असं लिहून द्यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सुरुवात समितीपासूनच करू असं ठरलं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला स्क्रीनवरच्या त्या चार डुलणाऱ्या माना बघताना कळलं.

रजिस्टर तुमच्या घरीच होतं. मागच्या रविवारी पूर्णेला गेले. तुमच्या मुलानं ते माळ्यावरून काढून, फडक्यानं पुसून दिलं. तेच लांबोडकं, लाल कापडी पाठीचं. पहिल्या पानावर तुम्ही पट्टीनं आखलेले रकाने आहेत: तारीख, गाडी, पेशंटचा नंबर, काय बोलणं झालं, मला काय वाटलं, आणि शेवटी तुमची सही. दुसराच रकाना गाडीचा. समितीतल्या लोकांना हे कसं सांगायचं, याचंच मला आधी हसू येत होतं. आपल्याकडे निम्मे पेशंट पॅसेंजरनं यायचे. अकराचं सेशन म्हणजे पावणेअकराची गाडी आली की दहा मिनिटं चालत येऊन सुरू होणारं सेशन. गाडी बाराला आली तर अकराचं सेशन सव्वाबाराला सुरू व्हायचं आणि परतीच्या गाडीच्या बेतानं संपायचं. पेशंटनं उशीर केला, की गाडीनं, ते नंतर वाचणाऱ्याला कळलं पाहिजे म्हणून तुम्ही तो रकाना ठेवला होता, आणि तो तुम्ही स्वतः भरायचा.

मला तुमच्याकडे आणलं ते वडिलांनी, आमच्या दादांनी. ते पूर्णा जंक्शनला रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते, तुम्ही कॉलेजातून निवृत्त होऊन घरातल्या पुढच्या खोलीत हे काम सुरू केलं होतं. दादांनी दारातूनच जयभीम घातला आणि म्हणाले, "सर, एम.ए. झाली, पण हिला अजून माणसाचं ऐकू येत न्हाई. तुमच्या हवाली करायलोय." तुम्ही हसलात. दादा चिडवत होते, पण खोटं बोलत नव्हते. दर गुरुवारी पेशंट गेले की आपण स्वयंपाकघरात बसायचो. काकू चहा ठेवून, निवडायची भाजी घेऊन मागच्या अंगणात निघून जायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. पेशंटचं बोलणं त्यांच्या कानावर पडू नये हा त्यांचाच नियम होता. मग मी एकेक नोंद वाचायची. एकदा मी सांगितलं की पेशंट रडायला लागली, तेव्हा मी तिला रडू नका म्हणाले. तुम्ही कप खाली ठेवलात. "तिचं रडणं तुला सोसंना, म्हणून तू तिला गप केलंस," तुम्ही म्हणालात. "आपली भीती पेशंटच्या नावावर खपवायची न्हाई." आवाज चढवला नव्हता, तरी मी त्या दिवशी चहा तसाच ठेवून घरी गेले होते.

वर्ष झालं तेव्हा तुम्ही मला एकटीनं पेशंट बघायला दिले, आणि एक लहानसं टेबलावरचं घड्याळ दिलंत. ते पेशंटच्या पाठीमागच्या फळीवर ठेवायला सांगितलंत, म्हणजे ते मला दिसेल आणि त्याला दिसणार नाही. पेशंटला दिसलं तर तो घड्याळाशी बोलत बसेल, असं तुमचं म्हणणं. त्याच सुमारास मी पुण्याला एक वर्ग करून आले होते आणि तिथल्या झेरॉक्स डोक्यावर घेऊन नाचत होते. सेशन पन्नास मिनिटांचं. पेशंट उशिरा आला तरी ठरल्या वेळेला संपवायचं, कारण उशिरालाही अर्थ असतो. मी हे तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अर्थ असतो, खरं हाय. पण आधी बघ, उशीर माणसाला झालाय का गाडीला." मला वाटलं, सर आता जुने झाले.

आता त्या गुरुवारचं लिहायचं आहे. मधे उठून मी दोनदा पाणी पिऊन आले.

तुम्ही सव्वादहाला पिशवी घेऊन निघालात, परभणीला डोळे दाखवायला. काकू बहिणीकडे होत्या. अकराच्या सेशनला चुडाव्याची ती बाई होती, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी. घरी दाताचं कारण सांगून यायची. चार महिन्यांत तिच्या घरच्यांच्या हिशेबानं तिच्या तोंडात एकही दात उरला नसेल, असं ती स्वतःच एकदा म्हणाली होती, आणि आम्ही दोघी हसलो होतो. फोन नाही, घरी निरोप पाठवायची सोय नाही. त्या दिवशी अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. मी झेरॉक्समध्ये सांगितल्यासारखी रिकाम्या खुर्चीसमोर बसून आहे. साडेअकराला ती धापा टाकत आली, हातात काकूंसाठी शेतातल्या वाळकांची पिशवी. बसली. बराच वेळ पदरानं घाम पुसत राहिली. मग पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "म्याडम, आज एक सांगायचंच म्हून ठरवून आलेय." पिशवीची गाठ सोडून परत बांधली. आणि मग, "तुमचे वडील रेल्वेत हायेत ना?"

मी वर्गात शिकवल्याप्रमाणं विचारलं, हे आज का मनात आलं. ती म्हणाली, "न्हाई, म्हंजे त्यांला ठावं असंल..." आणि थांबली.

सर, तुम्हाला ठाऊक आहे मी कोणत्या घरात वाढले. लाइनवर कुणी गाडीखाली जीव दिला की दादा त्या दिवशी घरात यायचे नाहीत. बाहेरच अंगणात अंघोळ करायचे, जेवायचे नाहीत, आणि आई आम्हाला खुणेनंच गप्प बसवायची. रेल्वेतल्या माणसाला काय ठाऊक असतं, ते मला ठाऊक होतं. ती काय विचारणार होती? कदाचित भावाच्या नोकरीचं असेल. कदाचित पास कसा काढायचा एवढंच असेल. मी तिला म्हणाले की वेळ संपली, हे आपण पुढच्या गुरुवारी बोलू. साडेअकरा ते अकरा पन्नास, उरलेली वीस मिनिटं तिची होती, ती नियमाप्रमाणं मी तिला दिली होती. ती "बरं" म्हणाली, वाळकं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवली आणि गेली. परतीची गाडी दीडला होती. तेवढा वेळ ती फलाटावर कुठे बसली असेल, हे मी नंतर हजार वेळा डोळ्यांपुढे आणलंय.

संध्याकाळी रजिस्टर भरताना मी तिच्या नंबरापुढे लिहिलं, आली नाही. अर्धवट सेशन लिहायचं तर तिचा तो प्रश्न लिहावा लागला असता, आणि लिहिला असता तर तुम्ही तो वाचला असता. पुढच्या गुरुवारी ती खरंच आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महिनाभर मी रोज संध्याकाळी दादांना विचारायची, आज लाइनवर काही झालं का. ते म्हणायचे, "काय व्हायचंय? तुला काय झालंय?" चुडाव्याला मी कधी उतरले नाही. आजही नांदेडला जाताना गाडी चुडाव्याला थांबली की मी मांडीवरच्या पिशवीत काहीतरी शोधत बसते. ती जिवंत आहे का, हे मला माहीत नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदाच लिहिलं.

आणि रविवारी, तुमच्या ओसरीवर उभ्या उभ्या, मी ते पान उघडलं. माझ्या अक्षरात ‘आली नाही’. आणि गाडीच्या रकान्यात तुमच्या बारीक, तिरक्या अक्षरात: ‘११.२०. उतरताना दिसली.’ शेवटी तुमची सही.

मी धरून चालले होते की तुम्ही एसटीनं गेलात. तुम्ही गाडीनंच गेला होता. जी गाडी तिला चुडाव्याहून घेऊन आली, तीच पुढे तुम्हाला परभणीला घेऊन गेली. ती लेट होती म्हणून तुम्ही तासभर फलाटावर बसला होता, आणि तुम्ही चढताना ती उतरली. तुम्हाला त्याच रात्री कळलं होतं. त्यानंतर तीन वर्षं, दर गुरुवारी, चहा संपला की तुम्ही एकच विचारायचा, "अजून काही राहिलं?" आणि मी म्हणायची, नाही सर. शेवटी दवाखान्यात, नाकाला नळी लावलेली असताना, तुम्ही माझ्याकडे बघून तेच विचारलंत. मला वाटलं, भ्रमात जुनं काही बोलताय. मी म्हणाले, नाही सर. तुम्ही डोळे मिटलेत. रविवारपासून माझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाही.

भीती वाटते तसा रागही येतो, तोही सांगते. तुम्ही सरळ का नाही विचारलंत? मी आपणहून बोलेन म्हणून वाट बघत बसलात. तुमची वाट बघायची विद्या थोर, पण त्या वाट बघण्यात ती बाई कुठे होती? दुसऱ्याच गुरुवारी विचारलं असतंत तर मी रडले असते, चार दिवस तोंड लपवलं असतं, पण आपण मिळून काहीतरी केलं असतं. कुणाच्या घरी जायचं नाही हा तुमचा नियम होता, तोही एकदा मोडता आला असता. माझ्याकडे आता एक मुलगी शिकते, राणीसावरगावची. तीही विचारलं की फार पटकन "न्हाई मॅडम" म्हणते, पर्सचा पट्टा घट्ट धरून. या मंगळवारी मी वाट बघितली नाही. कोणत्या पेशंटचं सांगायचं राहिलंय, असं सरळ विचारलं. ती आधी दचकली, मग रडली, मग तिनं सांगितलं. वेळेत सांगितलं, म्हणून निस्तरता आलं. रात्री मी मसुद्यात एक कलम घातलं, की वरिष्ठाला काही ठाऊक असेल तर त्यानं ते विचारलंच पाहिजे, शिकणाऱ्यानं कबूल करण्याची वाट पाहू नये. हे तुमच्याविरुद्ध आहे. आणि तुम्हीच शिकवलेलं आहे, असंही मला वाटतं.

फॉर्मवर मी लिहिलंय की या रजिस्टरमधली एक नोंद खोटी आहे आणि ती माझी आहे. पेशंट आली होती, उशिरा आली, मी नियमानं सेशन संपवलं आणि न आल्याची नोंद केली. सोबत त्या पानाची प्रत जोडली आहे. तुमचा रकाना त्यात स्पष्ट दिसतो. त्यांनी विचारलं की मग तुमच्या सरांनी सही कशी केली, तर काय सांगू? तुमच्या सहीवर शिकलेल्या आम्ही तिघी आहोत. माझं वरिष्ठपण गेलं तर गेलं, बाकी दोघींनी माझं काय घोडं मारलंय? तरी सोमवारी सही करीन. हे पत्र मात्र घडी करून त्याच पानात ठेवणार आहे. रजिस्टर तुमच्या मुलाला परत करण्याआधी ते काढून घेईन.

अजून काही राहिलं, सर. फॉर्ममध्ये लिहिलेलं पूर्ण खरं नाही, आणि वर तुम्हालाही मी तेच सांगितलं. मी नियमानं संपवलं नव्हतं. वेळ संपली असं मी तिला म्हणाले तेव्हा, तिच्या पाठीमागच्या फळीवर, तुम्ही दिलेल्या घड्याळात अकरा एकेचाळीस झाले होते. नऊ मिनिटं तिची होती, आणि तिला ते दिसत नव्हतं.