खुर्ची रिकामीच ठेवावी

२४ जून २०२५, मंगळवार. सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. फ्रिजवर वही ठेवून उभ्यानेच लिहितोय. बसलं की माझे विचारही बसतात.
ड्रामा थेरपीचं सर्टिफिकेट कुरिअरने आलं. चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स. तिसरा दिवस लाइट गेल्यामुळे हुकला, पण मुद्दा कळला होता. आजारी माणसं आणि त्यांच्या घरचे यांना नाटकाच्या वाटेने मोकळं करायचं. राज्य नाट्य स्पर्धेत मला अभिनयाचं उत्तेजनार्थ होतं, सन ९४. म्हणजे निम्मा कोर्स तेव्हाच झाला होता.
सर्टिफिकेट फ्रेम करायला टाकलं. दिपमालेने, म्हणजे सौ.ने, विचारलं, फ्रेमवाला धुळ्याचा आहे का? नाही म्हटलं. मग म्हणाली, वाटलं, त्या निमित्ताने तरी धुळ्याला जाल. टोमणा. दुर्लक्ष केलं.
धुळ्याला आबा, म्हणजे वडील, आहेत, धाकट्या भावाकडे, नवलकडे. दिवाळीनंतर लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, फक्त 'हां' उरलंय. आमच्याकडे दुसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून नवलने नेलं. दर रविवारी येईन असं मी तेव्हाच सांगून ठेवलंय. जाणार आहेच.

२६ जून, गुरुवार
फिजिओथेरपी सेंटरच्या कामिनी मॅडमना भेटलो. पेशंट आणि नातेवाइकांच्या ग्रुपला त्यांनी हॉल दिला. रोजच मोकळा असतो, कुठलाही वार घ्या, म्हणाल्या. मी रविवार घेतला.
आबांचा रविवार तेवढा हलवावा लागेल. मोठं काम म्हटलं की घरच्यांना थोडी झळ बसतेच.

२९ जून, रविवार
पहिलं सेशन. अकरा जण येणार होते, दोन आले. संख्येपेक्षा दर्जा महत्त्वाचा.
एक भिकुबाई, धरणगावकडच्या. नवरा लकव्याने अंथरुणाला खिळलाय, मुलगा नाशिकला. दुसरे दीपचंदशेठ, कापड दुकानवाले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मुलगा मनन सुरतेला, दुकानावरून दोन वर्षं अबोला.
पाऊण तास ओळख चालली. माझी. मग सगळ्यांनी झाड व्हायचं होतं. भिकुबाई म्हणाल्या, "मी दिनभर उभीच ऱ्हास भाऊ, आते बठू द्या." आणि बसल्या. शेठ आधीच बसलेले होते. मी एकटाच झाड झालो. चांगला झालो.

३ जुलै, गुरुवार
नवलचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही, पोहे खात होतो. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की रविवारी इथल्या पेशंटना माझी गरज असते. त्याने नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्यात खोच होती. दिवसभर चैन पडली नाही. तीनदा गच्चीवर जाऊन आलो.
संकल्प: उद्या आबांना व्हिडिओ कॉल.

४ जुलै
रेंज नव्हती.

५ जुलै
रेंज होती. पण आबांना बोलता येत नाही. मी एकट्याने किती बोलायचं?

१३ जुलै, रविवार
आज कोर्समधलं सगळ्यात भारी तंत्र. समोर रिकामी खुर्ची. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय तो तिथे बसलाय असं समजून बोलायचं. नियम एकच, खुर्ची रिकामीच ठेवावी.
शेठनी मननला बसवलं आणि खुर्चीची पाठ चाचपत राहिले. मी प्रॉम्प्टिंग सुरू केलं. प्रेमराजभाऊ, जरा थांबा, असं शेठ मलाच म्हणाले. मग खुर्चीला एवढंच म्हणाले की दुकान नको तर नको, घरी तर ये. कामिनी मॅडमनी डोळे पुसले. आवाज पोटातून काढा, अशी मी शेठना सूचना केली.
भिकुबाईंनी मलाच विचारलं, "भाऊ, तुमी कोनले बठाडशात?" मी कोणाला बसवणार म्हणे. म्हटलं, डायरेक्टर कोणालाच बसवत नसतो.

१४ जुलै, सोमवार
झोप नीट झाली नाही. उगाच संक्रांत आठवली. तेव्हा धुळ्याला गेलो होतो. आबा मला बघून रडले. सारिकाने, नवलच्या बायकोने, खुर्ची पुढे केली, पण मला बसवेना. पंख्याचा आवाज येत होता तो तपासला, गोळ्यांची डबी नीट लावून दिली आणि वीस मिनिटांत निघालो. बस होती.
बस दर अर्ध्या तासाला असते, हे दिपमालेचं म्हणणं.

२० जुलै, रविवार
आज भूमिकांची अदलाबदल. भिकुबाई आपला मुलगा झाल्या. हॉलमध्ये शिरल्या त्याच घाईत. खुर्चीत बसल्या नाहीत, खुर्चीभोवती फिरल्या. फोन बघितला. पंख्याकडे बघितलं. औषधं कशी द्यायची ते सगळ्यांना समजावलं. "येसू, येसू, पुढला रविवारले नक्की येसू," असा येण्याचा वायदा करत बाहेर. एकूण दोन मिनिटं.
शेठ हसता हसता थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी तेव्हा खुर्चीभोवती फिरत होतो, टिपण काढत. टिपण असं: निरीक्षण बरं, पात्र अतिरंजित. असा माणूस प्रत्यक्षात नसतो.
कामिनी मॅडम म्हणाल्या, सर, तुम्हीही बसा ना एकदा. वेळ संपली होती.

२३ जुलै, बुधवार
नवलचा मेसेज. दादा, तीन तारखेला कानबाई आहे, रोटासाठी तुझी मूठ धरायची का?
कानबाई म्हणजे श्रावणात घरी बसवतात ती देवी. आमच्यात तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू धरतात, त्याच्या पिठाचे रोट होतात. ते भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. मूठ धरली आणि माणूस आला नाही, तर त्याच्या वाटचं बाकीच्यांनी संपवायचं.
छप्पन्न वर्षांत माझी मूठ कोणी विचारून धरली नव्हती. यंदा विचारलं. रागाने तीन उत्तरं लिहिली, तिन्ही डिलीट केली. शेवटी लिहिलं, सेशन आहे, बघतो.
तेव्हापासून दोनदा ताट तसंच सारलं. पोहे बंद करावेत.

२७ जुलै, रविवार
शेठ आले नाहीत. निरोप आला की मनन सुरतेहून आलाय. थेरपीला यश आलं की पेशंट गळतात, हा या लाइनचा तोटा.
भिकुबाईंनी पुढच्या रविवारची सुट्टी मागितली. घरी कानबाई, मुलगा येतोय. कामिनी मॅडमनी सेशनच रद्द केलं. मी म्हटलं, मी तर आहे. त्या म्हणाल्या, मग तुम्हीही घरी जा.
निघताना भिकुबाईंनी विचारलं, "तुमना घर कानबाई नही का?" आहे म्हटलं, धुळ्याला. त्यांनी रिकामी खुर्ची घडी करून भिंतीला लावली. मला त्या खुर्चीच्या आवाजाचाच जास्त त्रास झाला.

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ६
निर्णय झाला. उद्या धुळ्याला जातोय, पण थेरपिस्ट म्हणून. आबांचं सेशन घेणार. नवल-सारिका सेवा करतात हे मान्य, पण त्यांच्याकडे तंत्र नाही.
कामिनी मॅडमकडून हॉलमधली फोल्डिंगची खुर्ची मागून घेतली. दिपमाला कालच धुळ्याला गेलीय, रोटाच्या दळणाला मदत म्हणून. नवलकडे खुर्च्या आहेत, असं फोनवर म्हणाली. असतील. पण त्यांना अनुभव नाही.
माझी मूठ धरली का, हे विचारायचं तीनदा ओठांवर आलं. विचारलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९.३०, एसटीत
उभा आहे. एरंडोलला चढलेल्या एका आजींनी माझी खुर्ची उघडली आणि पारोळ्यापर्यंत तिच्यावर बसून आल्या. चक्क नियमभंग. कंडक्टर म्हणाला, आता उतरल्या त्या, तुम्ही बसा की. म्हटलं, ही बसायची खुर्ची नाही.
सेशनची रूपरेषा:
स्वागत.
तंत्राची माहिती.
आबांचा भावनिक निचरा.
अडीचची परतीची बस.

त्याच दिवशी, दुपारी ४. धुळे
अडीचची बस गेली.
कानबाई बसलेली होती, घर माणसांनी भरलेलं. आबा खाटेवर, भिंतीला टेकून. मी सगळ्यांना मागे सारलं, आबांसमोर खुर्ची उघडली आणि तंत्र समजावलं. सातेक मिनिटं बोललो असेन. म्हटलं, आबा, ज्याच्याशी बोलायचं राहिलंय तो इथे बसलाय असं समजा.
आबांनी डावा हात पुढे करून खुर्चीच्या बैठकीवर थापटलं. मी म्हटलं, नाही आबा, ती रिकामीच ठेवायची असते. त्यांनी पुन्हा थापटलं. 'हां' म्हणाले.
तेव्हा सारिका म्हणाली, दादा, आठ महिने झाले, आबा दर रविवारी दाराजवळ खुर्ची ठेवायला लावतात. दुसरं कोणी बसलं की चिडतात. संध्याकाळी मी आत उचलून ठेवते.
नवल कानबाईच्या दिव्यात तेल घालत होता. दिवा भरलेलाच होता. दिपमाला माझ्याकडे बघत नव्हती, तिला हे माहीत असणार.
मला लाज वाटली. इतक्या लोकांत, हातात रूपरेषेचा कागद धरून. आबांना तंत्र माझ्या आधीपासून येत होतं, कोर्स न करता.
बसलो.
आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. रडले. मीही. यात अभिनय नव्हता, त्यामुळे नीट जमलं नाही.
मग नवलला विचारलं, माझी मूठ धरली होती का? तो म्हणाला, आबांनी स्वतः धरली, डाव्या हाताने. गहू सांडले, पुन्हा धरली. समाधान होईना म्हणून तिसऱ्यांदा. त्यामुळे माझ्या वाटचे रोट सगळ्यांत जास्त झालेत आणि ते मलाच संपवायचेत. ताट समोर आलंय.
वही मांडीवर आहे, आज पहिल्यांदा बसून लिहितोय. आबांचा हात अजून गुडघ्यावरच आहे आणि ते माझ्याकडे बघतायत. पुढे काय बोलायचं मला माहीत नाही. ते बहुतेक कोर्सच्या तिसऱ्या दिवशी होतं.