बटणावरून उचललेलं बोट

रविवार, संध्याकाळ

घरी पोचलो. चहा झाला, आता लिहायला बसलोय.

माझ्या मुलानं, समीरनं, दुपारी मला त्याच्या नव्या, भलत्याच वेगवान गाडीतून पेठच्या घाटात नेलं. मी चौथीतली पाखरांची कविता गुणगुणत होतो, तेवढ्यात त्यानं एका बटणावर बोट ठेवलं. गाडी घसरली की तिला आपोआप सावरणारी यंत्रणा त्या बटणानं बंद होते म्हणे. मात्र पूर्ण बंद करायची तर बराच वेळ दाबून धरावं लागतं.

"अप्पा, ती चालू असली की गाडी माझं ऐकत नाही."

"तू तरी कुठे कुणाचं ऐकतोस?"

बटण दाबलेलं असतानाच देवीचं देऊळ आलं आणि पठ्ठ्यानं सवयीनं तेच बोट उचलून कपाळाला लावलं. पुढच्या वळणावर कुणाच्या तरी पिकअपमधून सांडलेल्या टोमॅटोंचा चिखल. गाडीची मागची बाजू दरीकडे सरकली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी सरळ झाली होती. समोरच्या पडद्यावर लिहिलेलं होतं, यंत्रणा अर्धीच बंद. समीरनं ती पुन्हा चालू केली.

ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही. ही सवय त्याच्या आईची. माझ्या स्कूटरवर मागे त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि प्रत्येक देवळाशी त्याचं इवलं बोट कपाळाला लावायची. मी चिडायचो, "उद्या गाडी चालवतानाही हेच करेल तो."

आज असतीस तर सांगितलं असतं. हेच केलं गं त्यानं.