ओवलेल्या सुया

प्रिय ताई,

अक्षर बघून दचकू नकोस, मीच आहे. घरी सगळे ठणठणीत आहेत, हे आधीच सांगते. नाहीतर माझं पत्र म्हटल्यावर तुझ्या काळजात धस्सच व्हायचं. उलट मंगळवारपासून मला इतकं हलकं वाटतंय, की आईच्या मते मी जिना उतरत नाही, नाचते.

झालं असं. आमच्या भूगोलाच्या बाई शाळेतल्या बारा जणांना तीन आठवड्यांसाठी परदेशात नेणार आहेत, ज्वालामुखीच्या डोंगरांचा अभ्यास करायला. तिथल्या मुलांच्या घरी राहायचं, त्यांच्याच वर्गात बसायचं. त्या बारांत माझं नाव आलं. ऐकून मी बाकावरून उडालेच, पण घरी अवाक्षर काढलं नाही. संमतीचा कागद नऊ दिवस दप्तरात चुरगळत पडला होता. शेवटची तारीख जवळ आली तेव्हा बाईंना मी चक्क थाप मारली, की बाबा नाही म्हणतात. बाबांना बिचाऱ्यांना कशाचा पत्ताच नव्हता.

कारण तुला ठाऊकच आहे. सुया! तू शिकायला गेलीस आणि तुझं सकाळचं काम माझ्या गळ्यात पडलं. शिलाई मशीनवर बाबांचा हात अजून झकास चालतो, पण चष्मा लावूनही सुईचं भोक काही त्यांना सापडत नाही, आणि तुरपाई, बटणं अडून राहतात. आई सहालाच दवाखान्यात ड्यूटीवर जाते. म्हणून शाळेआधी मी दुकानात बाबांशेजारी स्टुलावर बसते आणि तीस सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीत टोचून ठेवते. काळा दोरा जास्त, पांढरा त्याहून कमी, बाकी गिऱ्हाइकांच्या कपड्यांप्रमाणे. संध्याकाळी बघावं तर सगळ्या रिकाम्या. मी गेले तर हे कोण करणार? खरं सांगू, तेव्हा तुझा भयंकर राग यायचा. तू खुशाल निघून गेलीस आणि मला इथं अडकवून ठेवलंस, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

मंगळवारी बाई कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला दुकानात आल्या आणि मुलीला का अडवता म्हणून त्यांनी बाबांना सरळ विचारलं. मी शाळेतून परतले तेव्हा बाबा गळ्यात टेप अडकवून माझी वाटच बघत होते. आता माझी काही खैर नाही, असं वाटलं. थाप मारल्याबद्दल बोलणी खाल्लीच. पण मग त्यांनी मशीनचा खण ओढला आणि आतून एक पाकीट काढलं. त्यातल्या सुयांना वरच्या टोकाला बारीक फट असते, दोरा वरून दाबला की टक्कन आत बसतो. बघायलाही लागत नाही. बाबा दीड वर्षापासून ह्याच सुया वापरतायत! आणि मी ओवलेल्या तीस सुयांमधला दोरा दुपारचं जेवण झालं की एकेक करून ओढून काढून ठेवतात. का, तर काम नाही म्हटल्यावर मी सकाळी त्यांच्याजवळ कशाला बसेन? हे सांगताना त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या मुलासारखा झाला होता. मी हसत सुटले, आणि हसता हसता रडायलाच लागले. त्यांनी लगेच सही केली, तीही रेघ सोडून भलतीकडेच. बाई चालेल म्हणाल्या.

ते पाकीट तू गेल्यावर पहिल्याच महिन्यात शोधून पाठवलं होतंस, हेही त्या दिवशी कळलं. मला सांगायला तू फोन केलेस म्हणे. मी फोनवर आले कुठे? कधी अभ्यास, कधी अंघोळ, एकदा तर आईला मी झोपलेय असं सांगायला लावलं, दुपारी चार वाजता. तुला ते कळत होतंच ना? तरी तू फोन करायची थांबली नाहीस.

म्हणून हे पत्र. हे फोनवर बोलायला गेले असते तर माझी बोबडीच वळली असती. तू निघालीस त्या दिवशी माझं पोट मुळीच दुखत नव्हतं. मी न्हाणीघराची कडी लावून आत बसले होते, आणि तू बाहेरून तीनदा हाक मारलीस ती तिन्ही वेळा मला ऐकू आली होती. चुकलं माझं, ताई. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला सकाळी मी निघणार आहे. मी तुला निरोप द्यायला आले नाही. तू मात्र मला सोडायला ये.

तुझीच,
चिंगी