उजव्या सोंडेची गाडी

१४ सप्टेंबर, रविवार

भिसे खिंडीत आज आम्हाला कोणी कोणी मागे टाकलं, ते लिहून ठेवतो. खडीचा डंपर. मांडवाच्या बांबूंचा टेम्पो. स्कूटीवर तिघं. आणि शेवटी म्हशी! रमतगमत पुढे गेल्या. एकीने तर वळून पाहिलं.

रोह्याला सासूबाईंना भेटायला निघालो होतो. अर्ध्या चढावर गाडीने मान टाकली. मनस्वी उतरून चालायला लागली — तीही पुढे गेली. एवढ्यात मागून माझा मेहुणा साईराज आला, नवी कोरी गाडी घेऊन. काच खाली करून म्हणतो, "भावोजी, सीझन संपला, आता हिचंपण विसर्जन करा!" मनस्वी हसली. माझ्या बायकोने हसायला नको होतं.

घरी आल्यावर तिने एकदाच सांगितलं, "भाऊबीजेला गाडी खिंड चढली तर ठेवा. नायतर विका." ती शब्दाची पक्की आहे. बोलली म्हणजे बोलली.

मी विकणार नाही! वडिलांचा गणपतीचा कारखाना माझ्या हाती आल्यावरच्या पहिल्या कमाईतली गाडी आहे. माझ्या हातचा पहिला मोठा गणपती हिच्याच पुढच्या सीटवर बसून, पट्टा लावून दादरला गेला. माझा जीव आहे तिच्यावर, बस्स.

१६ सप्टेंबर

गणपती गेले की पेणच्या कारखान्यांत करमत नाही. साचे उताणे पडलेले, रंगाचे डबे झाकलेले. दिवसभर फोनवर व्हिडिओ बघितले आणि सापडलं!

गाडीला दम लागतो म्हणजे हवा कमी पडते. सरळ आहे. कंपनीने एअर फिल्टरला हा मोठा बंद डबा दिलेला असतो. तो काढायचा. त्या जागी आखूड, रुंद नळी, आणि नळीच्या तोंडाला उघडा फिल्टर. इंजिनाला मोकळी हवा! याला शॉर्ट रॅम म्हणतात. विकत मिळतं, पण ज्याचा धंदाच साचे घडवायचा, त्याने नळी विकत आणायची म्हणजे शोभलं का? फिल्टर तेवढा मागवला.

मनस्वीला समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यापेक्षा क्लचवरचा पाय उचला की आधी."

हिला काय कळतं क्लचमधलं!

२१ सप्टेंबर, रविवार

पीव्हीसी पाइप, बाथरूमचा एल्बो, वर दोन क्लिपा. झकास बसलं. वडखळ नाक्यापर्यंत जाऊन आलो. बॉनेट उघडून बघतो तर नळी गरम होऊन मऊ पडलेली, आणि एल्बोने खाली मान घातलेली.

आई ओट्यावरून ओरडली, "सुश्या, न्हाणीतला पाइप कुठं गेला रं?"

२२ सप्टेंबर

कंपनीचा डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. परतीचे दोर कापले!

२५ सप्टेंबर, गुरुवार

जेवताना घास हातातच राहिला. सोंड!

वर जाड, खाली निमुळती, मध्ये छान बाक. निमुळतं टोक इंजिनाच्या तोंडाला, जाड टोकाला फिल्टर. एवढे दिवस फोनमध्ये डोळे फोडत होतो आणि माझ्या डोक्यावर माळ्यात सोंडांचे साचे टांगलेले! काखेत कळसा नि गावाला वळसा.

पण डावी सोंड बॅटरीवर आपटते. आणि कारखान्यात झाडून सगळे साचे डाव्या सोंडेचे. उजव्या सोंडेचा गणपती कडक म्हणून गिऱ्हाईक बिचकतं, मग साचे करतो कोण? एक सापडला, वडिलांच्या वेळचा, गोणपाटात गुंडाळलेला. लावून बघितला. जसा काही इंजिनाचं माप घेऊनच केलेला!

२८ सप्टेंबर

फायबरची सोंड ओतली. आतून पोकळ, बाहेरून गुळगुळीत. दोन्ही अर्धे असे जुळवले की सांधा शोधून दाखवावा. रंगारी काळुरामकाकांना म्हटलं, "काका, यावर काळा हात मारून ठेवा." आणि जेवायला गेलो.

येऊन बघतो तर गुलाबी अंग! मध्ये सोनेरी पट्टा, वर लाल गंध, गंधाला बारीक पांढरी किनार!

"काका, काळा सांगितला होता ना?"

"हात थांबंना रं," म्हणाले. "सोंड हाय ती! तिला काळी कशी करू?"

माझ्या वडिलांच्या वेळेपासून गणपती रंगवणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार? सुकल्यावर बसवली. खरं सांगायचं तर सुंदर दिसते.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीला झेंडूचा हार घातला. आई म्हणाली, इंजिनालापण फूल वाहते. मला अडवायला सुचलं नाही.

बॉनेट उघडलं. आई बघतच राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "सुश्या... ही उजवी?"

झालं! आता गाडीला सोवळं. गाडीतून सुकट आणायची नाही. बोंबील तर नाहीच नाही. बॉनेट उघडायचं तर आंघोळ करून. आणि सगळ्यात कठीण म्हणजे गाडीत बसून शिवी द्यायची नाही. मुंबई-गोवा रस्त्यावर, शिवीशिवाय! असा माणूस अजून जन्माला यायचाय.

"आई, ती नळी आहे."

"असंल. पण उजवी हाय."

५ ऑक्टोबर, रविवार

पहिली मोठी फेरी. पेण ते वडखळ, तिथून अलिबाग रस्त्याने थोडं पुढे आणि परत.

आवाज! नुसता पाय ठेवला तरी आतून घुर्रर्र! वाटेतली कुत्री रस्ता सोडून शेतात पळाली. वेगाचा काटा होता तिथेच राहिला, हे खरं. पण आवाज एवढा वाढलाय म्हणजे ताकद वाढलीच असणार. नाहीतर आवाज कशाला वाढेल?

नाक्यावर चहा प्यायला थांबलो तर टपरीवाला म्हणाला, "वैनी दिसल्या काल सकाळी. पांढऱ्या गाडीत होत्या, कुणी गडी होता सोबत."

मनस्वी रोज सकाळी फिरायला जाते, पायी. पांढरी गाडी कुठून आली? कोण गडी?

घरी येईपर्यंत माझं मला उमगलं. गाड्यांचा दलाल. भाऊबीजेपर्यंत थांबायचीही तयारी नाही तिची! माझ्या माघारी गाडीचा सौदा चाललाय.

६ ऑक्टोबर

विचारलं नाही. विचारलं तर ती सांगून टाकेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

माघी गणपतीच्या मूर्तींचं घासकाम सुरू झालं. आणि मी शहाणा, गाडी कारखान्याच्या दारात लावून, बॉनेट उघडं टाकून, इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसलो होतो!

चांगली घुरघुरत होती. मग खोकली. मग बंद. फिल्टर काढून झटकला तर प्लास्टरची पांढरी भुकटी, आणि भुकटीवर सोनेरी चमकी. आत मुकुटांना चमकी लावत होते, तीही ओढून घेतली बाईने. सगळा कारखाना पोट धरून हसला. काळुरामकाका तर खालीच बसले.

मनस्वीने दारातून बघितलं. "पावडर-टिकली करून कुठं निघाली ही?"

फिल्टर धुऊन वाळत घातला आहे. मला हसू येत नाही. भाऊबीज अकरा दिवसांवर आली.

१९ ऑक्टोबर

जेवताना मनस्वी सहज म्हणाली, "चढाला तुम्ही तिसरा लई लवकर टाकता. नि मग अर्ध्या क्लचवर रेटता."

दलालाने शिकवलेलं दिसतंय. किंमत पाडायची असेल तर आधी मालकाला नावं ठेवायची, जुनी रीत आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

रोह्यात आहे. आज लिहवत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहितो. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

निघालो तेव्हा मी पुढे, शेजारी मनस्वी, मागे आई, फराळाचे डबे मांडीवर घेऊन. नागोठण्यापर्यंत एक शिवी नाही! खड्ड्यांतूनसुद्धा! आई दोनदा म्हणाली, "शाणा माझा."

खिंड लागली. पाय दाबला. घुर्रर्र! आवाज डोंगरात घुमला, आणि गाडी हळू होत गेली. मी आणखी दाबला. आवाज आणखी मोठा, गाडी आणखी हळू. जळका वास यायला लागला. आईने आरती सुरू केली.

"क्लच जळतोय," मनस्वी म्हणाली.

"नवीन रंगाचा वास आहे," मी म्हणालो.

आणि वळणावर, रस्त्याच्या मधोमध, म्हैस! तीच होती की दुसरी, देव जाणे. ब्रेक मारला आणि तोंडातून गेली. एकच. पण सणसणीत. शिवी संपते न संपते तोच बॉनेटमध्ये फाट्!

"घे!" आई म्हणाली. "सांगितलेलं!"

उघडलं. सोनेरी पट्ट्याच्या बरोबर मधून सोंडेचे दोन तुकडे. आईने हात जोडले. मला खरंच रडू येत होतं. आता साईराज येणार, काच खाली करणार. गाडी गेली म्हणून समजा.

मनस्वी डिकीकडे गेली. चटई बाजूला केली आणि तिने काय काढावं? कंपनीचा डबा! मी भंगारात दिलेला. त्याच दिवशी जाऊन परत घेऊन आली होती. इंजिन गार होऊ दिलं. डबा बसवला, क्लिपा लावल्या. हात पदराला पुसले.

"व्हा बाजूला."

"म्हणजे?"

"मागं बसा. आईंजवळ."

सीट पुढे ओढली. आरसा खाली केला. दुसरा टाकला, क्लचवरून पाय काढला, आणि गाडी चढली! आवाज नाही, वास नाही. वर एसी लावला बाईने! वरच्या टोकाला एक डंपर धापा टाकत होता, त्याला तिने इंडिकेटर देऊन मागे टाकलं. मी मागच्या सीटवर, सोंडेचे तुकडे मांडीवर घेऊन.

पांढरी गाडी दलालाची नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलची होती. लायसनसुद्धा आलंय.

रोह्यात साईराज दारात उभा होता. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ड्रायव्हरच्या दारातून बहीण उतरली. तोंड तसंच उघडं राहिलं. तेवढं एक बरं झालं.

गाडी वाचली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. लाज वाटली, आणि राग आला. भावासमोर माझा पाणउतारा करायला एवढे दिवस चोरून शिकली! आज परत येतानाही मागेच बसलो, तोंड खिडकीकडे करून.

२६ ऑक्टोबर, रविवार

मनस्वी आज एकटी रोह्याला गेली आणि सासूबाईंना घेऊन आली. आता त्या इथेच राहतील. शेवटी न राहवून विचारलं, मला न सांगता का शिकलीस? चहा गाळता गाळता म्हणाली, "पावसात माझी आई रोह्याला न्हाणीत पडली, तवा तुम्ही मूर्ती पोचवायला टेम्पोनं मुंबईला. मी एसटीची वाट बघत उभी. गाडी दारात होती हो. मला चालवता येत नव्हती." मला एवढंच आठवतं की त्या दिवशी घरी आल्यावर मी जेवायला काय आहे विचारलं होतं.

गाडीची किल्ली माझ्या खुंटीवरून काढून तिच्या खुंटीला लावली. दुपारी वडखळहून साच्याचं रबर आणायचं होतं. म्हटलं, "सोडतेस का?"

म्हणाली, "चला. पण मागं बसा, पुढं माझी आई हाय."